गौतमीपुत्र सातकर्णी : आज्ञा देणारा आणि दिलेली आज्ञा दुरुस्त करणारा राजा

आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, गोदावरीच्या काठी पैठण वसले आहे. आज हे गाव संत एकनाथांच्या समाधीसाठी आणि पैठणीसाठी ओळखले जाते. दोन हजार वर्षांपूर्वी प्रतिष्ठान या नावाने ते सातवाहन राजांची राजधानी होते आणि दक्षिणापथातील व्यापाराच्या वाटा तेथे येऊन मिळत. आपल्याच जिल्ह्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यात एका स्तंभावर त्याच्या दात्याचे नाव कोरलेले आहे. तो दाता प्रतिष्ठानच्या गंधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यातला मितदेव होय. राजधानीतील एका व्यापाऱ्याने डोंगरातील भिक्षूंच्या लेण्यासाठी खांब द्यावा आणि ती नोंद आजही वाचता यावी, ही आपल्या भूमीची पूर्वपीठिका आहे.

या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा आम्ही याच भूमीतील एका राजाकडे वळलो. गौतमीपुत्र सातकर्णी हे नाव शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून सर्वांनाच ठाऊक असते. शकांचा पराभव करणारा, तीन समुद्रांपर्यंत ज्याचे घोडे पोहोचले असा पराक्रमी राजा, एवढा परिचय त्या पुस्तकात होतो. परंतु त्याच्या चरित्राचा दुसराही एक भाग आहे आणि आमच्या मते तो अधिक मोलाचा आहे. हा राजा आज्ञा कशी देत असे, ती कोण लिहीत असे, कोण तपासत असे आणि दिलेली आज्ञा निष्फळ ठरली तर तो काय करीत असे, हे नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दगडावर तपशिलाने नोंदलेले आहे. प्राचीन भारतातील फार थोड्या राजांच्या कारभाराकडे आपल्याला इतक्या जवळून पाहता येते.

घराणे आणि माता

सातवाहनांचा मूळ पुरुष सिमुक होय. त्याच्या वंशातील पहिला सातकर्णी आणि त्याची राणी नागनिका यांची स्मृती जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेखात जतन झाली आहे. त्या लेखात अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे. म्हणजे हे घराणे वैदिक यज्ञधर्म पाळणारे होते. त्याच घराण्याच्या राज्यात, त्याच सह्याद्रीच्या कड्यांवर बौद्ध लेणी कोरली जात होती आणि त्यांना व्यापारी, कारागीर, शेतकरी, राजपुरुष व भिक्षुणी अशा सर्व थरांतील माणसे दाने देत होती. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे गौतमीपुत्राच्या दानांचा अर्थ नीट उलगडतो.

राजाच्या नावातच त्याच्या मातेचे नाव आहे. गौतमी बलश्री हिचा पुत्र म्हणून तो गौतमीपुत्र. पुढे त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी म्हणून ओळखला गेला. राजाची ओळख आईच्या गोत्रनामाने सांगण्याची ही प्रथा सातवाहनांच्या लेखांत आणि नाण्यांवर स्पष्ट दिसते. गौतमीपुत्राच्या बाबतीत ती केवळ नावापुरती नव्हती. माता बलश्री हिचे नाव राजाच्या शासनातही राजाच्या जोडीने आले आहे, आणि राजाच्या मृत्यूनंतर त्याचे चरित्र दगडावर कोरवून घेणारीही तीच आहे. आज आपण त्याच्याविषयी जे जाणतो त्याचा मोठा वाटा या मातेचा आहे.

त्याचा राज्यकाल नेमका कोणता याविषयी विद्वानांत दोन मते आहेत. काही तो इ. स. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात, तर काही दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात मानतात. त्याने किमान २४ वर्षे राज्य केले, एवढे मात्र त्याच्या स्वतःच्या लेखांवरूनच सिद्ध होते.

गेलेले राज्य आणि परत मिळालेले राज्य

गौतमीपुत्र गादीवर आला तेव्हा घराण्याची स्थिती बिकट होती. शकांच्या क्षहरात कुळातील क्षत्रप नहपान याने पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग बळकावला होता. नाशिक, जुन्नर, कार्ले ही केंद्रे आणि कोकणातील बंदरांकडे उतरणारे घाट त्याच्या ताब्यात गेले होते. व्यापाराच्या वाटा हातून गेल्या म्हणजे जकात गेली, आणि जकात गेली म्हणजे राज्याचा प्राणच गेला.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. नहपानाचा जावई उषवदात हा भिक्षुसंघाचा मोठा दाता होता. त्रिरश्मी डोंगरावर त्याने लेणे कोरवले, भिक्षूंच्या चीवरांसाठी आणि इतर गरजांसाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे होती. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले होते. मुद्दलाला हात लावायचा नव्हता; केवळ व्याज खर्चायचे होते. हे दान निगमसभेत वाचून दाखवण्यात आले आणि रूढीप्रमाणे नोंदीच्या फलकांवर लिहिण्यात आले, असे त्या लेखात नमूद आहे. म्हणजे दान गुपचूप होत नसे. ते चारचौघांत ऐकवले जाई, दफ्तरी चढवले जाई आणि मग दगडावर कोरले जाई.

गौतमीपुत्राने आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षापर्यंत नहपानाची सत्ता मोडून काढली. या विजयाचा सर्वांत बोलका पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे हाती आला. तेथे सापडलेल्या साठ्यात नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका बाजूस तीन कमानींचे चैत्यचिन्ह आणि दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह अशी ती नाणी आहेत. शत्रूचे नाणे वितळवून टाकण्याऐवजी त्याच्यावर आपली मुद्रा उमटवून ते पुन्हा बाजारात आणले गेले. राज्य बदलले तरी बाजार थांबू नये, ही व्यवहारदृष्टी त्यात दिसते.

पण नाण्याइतका सोपा नसलेला एक प्रश्न उरला होता. पराभूत शत्रूने ज्यांना आश्रय दिला, त्या भिक्षूंचे पुढे काय? उषवदाताच्या दानांवर ज्यांचा चरितार्थ चालत होता, ते नव्या राजाच्या दृष्टीने शत्रूचे आश्रित ठरणार होते काय? सत्ता पालटली की जुन्या सत्तेने दिलेले सर्व काही बुडते, हा अनुभव जगभर येतो. गौतमीपुत्राने या प्रश्नाचे उत्तर एका शासनाने दिले.

अठराव्या वर्षाचे शासन : आज्ञा कशी घडते

त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात ते शासन कोरलेले आहे. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. ते सुरू होते विजयी सैन्याच्या छावणीतून. राजा राजवाड्यात नाही, रणांगणाजवळ आहे, आणि तेथूनच तो गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला आज्ञा धाडतो. गोवर्धन हे तेव्हा त्या आहाराचे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे, मुख्य ठिकाण होते. त्या नावाचे गाव आजही नाशिकजवळ गोदावरीकाठी आहे.

आज्ञेचा आशय असा. अपरकखडी गावातील जे २०० निवर्तनांचे शेत आजवर उषवदाताकडे होते, ते आता त्रिरश्मीवरील भिक्षूंना दिले आहे. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप होय. जमिनीबरोबर तिचे परिहारही, म्हणजे सवलतीही दिल्या आहेत. राजाच्या अधिकाऱ्यांनी त्या शेतात शिरायचे नाही. कोणी त्याला हात लावायचा नाही. मिठासाठी तेथे खणायचे नाही, कारण मीठ ही राजाच्या हक्काची वस्तू असे आणि तिच्या नावाखाली कोणाच्याही जमिनीत शिरता येत असे. मुलखाच्या बंदोबस्तावरील अंमलदारांनी तेथे हस्तक्षेप करायचा नाही. थोडक्यात, सर्व प्रकारच्या सवलती त्या शेताला लागू राहतील आणि अमात्याने हे दान व या सवलती दोन्ही दफ्तरी नोंदवून घ्यायच्या आहेत.

या सवलतींची यादी वाचताना आम्हांला नेहमी एक गोष्ट जाणवते. जमीन देणे सोपे असते. दिलेल्या जमिनीवर उद्या जो शिपाई येईल, परवा जो वसुलीवाला येईल, त्याला थांबवणे कठीण असते. ज्याने हे शासन घडवले त्याला आपल्याच नोकरांचा स्वभाव चांगला माहीत होता. म्हणून त्याने दानाच्या शब्दांपेक्षा मनाईच्या शब्दांकडे अधिक लक्ष पुरवले.

शासनाच्या अखेरीस जी माहिती येते ती तर आजच्या एखाद्या सरकारी कागदाच्या तळटिपेसारखी आहे. आज्ञा तोंडी दिली गेली. शिवगुप्त नावाच्या अमात्याने तिचा लेख सिद्ध केला. महास्वामिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्यांनी तो राखला. १८ व्या वर्षी, पावसाळ्याच्या दुसऱ्या पक्षाच्या पहिल्या दिवशी पट्टिका दिली गेली. तापस नावाच्या व्यक्तीने काम पुरे केले. त्या काळी वर्षाचे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन ऋतू मोजत आणि प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष धरत. तारीख लिहिण्याची पद्धत ती होती.

राजाचे तोंड, अमात्याची लेखणी, राखणदारांची नजर, स्थानिक अधिकाऱ्याची नोंद आणि शेवटी कोरक्याची छिन्नी, अशा पायऱ्यांनी एक शब्द शासन होत असे. प्रत्येक पायरीवर नाव लिहिलेले आहे. उद्या काही चुकले तर विचारायचे कोणाला, हे त्या नावांवरून कळत असे. राजाची इच्छा म्हणजेच कायदा, अशी आपली राजेशाहीविषयी सर्वसाधारण कल्पना असते. प्रत्यक्षात ती इच्छा कायदा होण्याआधी चार माणसांच्या हातांतून जात होती.

मावळातील कार्ले येथील चैत्यगृहातही याच धर्तीचे एक शासन आहे. मामाल आहाराच्या अमात्याला ते पाठवलेले असून वलुरक लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक भिक्षूंना करजिक गाव दिल्याचे त्यात नमूद आहे. दगड फुटल्यामुळे राजाचे नाव तेथे उरलेले नाही. परंतु बहुतेक अभ्यासक ते गौतमीपुत्राचेच मानतात. हेच गाव पूर्वी उषवदातानेही त्या भिक्षूंना दिले होते. म्हणजे शत्रूने दिलेले दान नव्या राजाने रद्द केले नाही. आपल्या नावाने ते पुन्हा पक्के केले.

समकालीन चीनचा दाखला

याच सुमारास आशिया खंडाच्या दुसऱ्या टोकाला, चीनमध्ये, उत्तरकालीन हान घराण्याचे राज्य लोयांग येथून चालत होते आणि बुद्धाचा धम्म तेथे नुकताच पोहोचू लागला होता. राजाज्ञेचे शास्त्र चीनइतके तपशिलाने क्वचितच कोठे घडले असेल. इ. स. पू. २२१ मध्ये सर्व राज्ये जिंकून एकछत्री सत्ता स्थापन करणाऱ्या छिन सम्राटाने आपल्या आज्ञांना सामान्य आज्ञांपासून वेगळी अशी खास नावे दिली. हान काळात त्यांचे चार प्रकार ठरले. मसुदा सचिव करीत, ज्येष्ठ मंत्री तो पाहत आणि बांबूच्या वा लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिलेला लेख मातीच्या मुद्रेने बंद करून प्रांतोप्रांती रवाना होई. इ. स. १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने सुधारित कागद सम्राटापुढे ठेवला. पट्ट्यांची जागा कागदाने घ्यायला मात्र त्यानंतर बराच काळ लागला. पुढे थांग घराण्याच्या काळी, म्हणजे ६१८ ते ९०७ या कालखंडात, मसुदा करणारे, मसुदा तपासणारे आणि अंमल करणारे अशी तीन स्वतंत्र खाती झाली आणि तपासणाऱ्या खात्याला सदोष मसुदा परत पाठवण्याचा अधिकार मिळाला.

आपल्याकडे एवढी मोठी यंत्रणा नव्हती, परंतु तत्त्व तेच होते. सम्राट अशोकाने आपले लेख राज्यभर शिळांवर आणि स्तंभांवर कोरवले, त्यांपैकी काहींचे तुकडे आपल्या सोपारा येथेही मिळाले. अशोकाच्या लेखांत राजा प्रजेशी बोलतो. गौतमीपुत्राच्या शासनात राजा आपल्या अधिकाऱ्याशी बोलतो आणि प्रजा ते ऐकू शकते. चीनच्या वाळवंटी सीमेवर, जुयान येथे, विसाव्या शतकात हान काळातील लाकडी पट्ट्या हजारोंनी सापडल्या. कोरड्या हवेने त्या टिकवल्या. आपल्याकडे पावसापाण्यात ताडपत्र आणि कापड टिकणे अशक्य. म्हणून जे दगडावर गेले तेवढेच आपल्या वाट्याला आले, आणि ते दगडावर गेले भिक्षूंच्या दक्षतेमुळे. ज्याला जमीन मिळते तोच तिचा कागद जपतो.

चोविसावे वर्ष : न पिकलेले शेत

आता आम्ही या चरित्रातील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे येतो. पहिल्या शासनाला सहा वर्षे झाली. गोवर्धनचा अमात्य बदलला. विष्णुपालिताच्या जागी श्यामक आला. राजाच्या राज्याचे २४ वे वर्ष चालू होते. त्या वर्षी गोवर्धनला आणखी एक राजाज्ञा पोहोचली. ती राजाच्या आणि राजमातेच्या अशा दोघांच्या नावाने होती. राजमातेचा उल्लेख तेथे जिचा पुत्र हयात आहे अशी महादेवी, असा आला आहे. श्यामकाला आधी आरोग्य विचारावे आणि मग पुढचे सांगावे, अशी सूचनाही त्यात आहे. आज्ञा करतानासुद्धा क्षेमकुशल विचारण्याचा हा रिवाज आपल्या पत्रलेखनात आजवर चालत आला आहे.

त्यानंतर जे येते ते राजशासनात सहसा न आढळणारे आहे. त्रिरश्मीवरील आमच्या धर्मदानाच्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना आम्ही पूर्वी कखडी गावचे शेत दिले होते. परंतु ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसत नाही, असे राजा स्वतःच्या शासनात मान्य करतो. सबब, नगराच्या सीमेवर राजाच्या मालकीचे जे शेत आहे, त्यातील १०० निवर्तने भिक्षूंना द्यावीत, त्या शेताला पूर्वीच्याच सर्व सवलती लागू कराव्यात आणि त्यांची नोंद करावी, असा हुकूम आहे.

या प्रसंगाचा अर्थ क्षणभर थांबून समजून घेतला पाहिजे. १८ व्या वर्षाचे शासन निर्दोष होते. त्याची भाषा चोख होती, सवलती पूर्ण होत्या, नोंदही झाली होती. तरीही भिक्षूंच्या पात्रात अन्न पडले नाही, कारण ज्या गावात माणसेच राहत नव्हती तेथे शेत कसणार कोण? बहुधा युद्धाने तो प्रदेश उजाड झाला असावा. कागदावर २०० निवर्तने होती आणि प्रत्यक्षात काहीच नव्हते. ही बातमी राजापर्यंत कोणी नेली हे लेख सांगत नाही. पण ती पोहोचली, ऐकली गेली आणि तिच्यावर निर्णय झाला. क्षेत्र निम्मे झाले, परंतु जमीन नगराला लागून मिळाली.

कागदावर मिळालेली आणि प्रत्यक्षात न मिळालेली जमीन म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते याच अंतरासाठी. हुकूम आणि शेत यांच्यामधले अंतर तोडणे हेच राज्यकारभाराचे खरे काम होय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका विजयी राजाने ते अंतर ओळखले आणि आपलेच शासन अपुरे पडल्याचे दगडावर कोरू दिले. पहिला लेख त्याला पुसून टाकता आला असता. तसे झाले नाही. दोन्ही लेख एकाच लेण्यात, एकाखाली एक वाचता येतात.

या दुसऱ्या शासनाचीही कार्यपद्धती नोंदलेली आहे. आज्ञा तोंडीच दिली गेली. तिचा लेख सिद्ध केला तो लोटा नावाच्या प्रतिहारीने. हे नाव आणि पद दोन्ही लेखात स्त्रीलिंगी आहेत. राजमातेच्या नावाने निघालेल्या शासनाचे काम एका स्त्री अधिकाऱ्याच्या हातून व्हावे हे स्वाभाविकच होते, तथापि आजच्या आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे. सुजीविन नावाच्या व्यक्तीने पुढील काम केले. लेखाची तिथी आणि दफ्तरी निबंध झाल्याची तिथी या दोन्ही स्वतंत्रपणे दिल्या आहेत. हुकूम निघाला केव्हा आणि नोंद झाली केव्हा, याचा हिशेब ठेवण्याची शिस्त त्यात दिसते.

मातेने लिहिलेले चरित्र

गौतमीपुत्राच्या निधनानंतर त्याचा मुलगा पुळुमावी राजा झाला. त्याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी वृद्ध गौतमी बलश्रीने त्याच तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचे दान भद्रायणीय शाखेच्या भिक्षुसंघाला केले आणि त्या निमित्ताने आपल्या दिवंगत पुत्राची प्रशस्ती कोरवली. महाराजाची माता आणि महाराजाची आजी अशी ती स्वतःची ओळख देते. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमणारी, तप आणि संयम पाळणारी अशी तिची वर्णने त्यात आहेत.

पुत्राविषयी ती बरेच काही सांगते. अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती इत्यादी प्रदेशांचा तो स्वामी होता. यांतील मूलक म्हणजे पैठणच्या परिसराचा आपला प्रदेश. विंध्यापासून सह्य, मलय, महेंद्रापर्यंतचे पर्वत त्याच्या सत्तेखाली होते आणि त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले होते. शक, यवन, पह्लवांचा त्याने नाश केला, क्षहरातांचे कुळ निर्मूल केले आणि सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापले. याच प्रशस्तीत तो प्रजेच्या सुखदुःखाशी समरस होणारा, धर्माला धरूनच कर घेणारा, अपराधी शत्रूचाही प्राण घेण्यास नाखूश असणारा आणि आईची सेवा करणारा होता असेही म्हटले आहे.

प्रशस्ती ही प्रशस्तीच असते. तिच्यात अतिशयोक्ती येणारच. एका ओळीत शत्रुकुळाचे निर्मूलन आणि दुसरीत शत्रूविषयी दया, यांचा मेळ घालणे सोपे नाही. आणखी एक गोष्ट आम्ही आमच्या वाचकांपासून झाकून ठेवू इच्छित नाही. राजा अद्वितीय ब्राह्मण होता, त्याने क्षत्रियांचा गर्व उतरवला आणि चार वर्णांचा संकर थांबवला, असा गौरव याच प्रशस्तीत आहे. वर्णव्यवस्थेची धग सोसलेल्या आमच्या समाजाने हा गौरव गौरव म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. इतिहासाचेही उत्तर त्यावर लगेच मिळते. पुढच्याच काळात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाचा विवाह शक महाक्षत्रपाच्या कन्येशी झाला, हे कान्हेरीच्या लेखावरून कळते. ज्या शकांच्या नाशाची स्तुती कोरली, त्यांचीच लेक घरात सून म्हणून आली. माणसांना वेगळे ठेवण्याच्या घोषणा जीवनाच्या प्रवाहापुढे टिकत नाहीत.

तरीही वस्तुस्थिती अशी की, वैदिक परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या या राजाच्या आणि त्याच्या मातेच्या आठवणी आज बुद्धाच्या लेण्यात सुरक्षित आहेत. स्वतःचा धर्म वेगळा असताना दुसऱ्याच्या धर्मसंस्थेचा चरितार्थ चालावा ही आपली जबाबदारी आहे, असे त्याने मानले. आणि जबाबदारी नीट पार पडली नाही तेव्हा ती पुन्हा हाती घेतली.

पुत्राने चालवलेला वारसा

वडिलांची ही रीत पुळुमावीने पुढे चालवली. त्याच्या राज्याच्या २२ व्या वर्षी गोवर्धनचा अमात्य शिवस्कंदिल याला आज्ञा गेली. लेण्यासाठी पूर्वी दिलेल्या सुदर्शन गावाच्या बदल्यात शाल्मलीपद्र हे गाव भिक्षूंना देण्यात आले. म्हणजे दिलेले दान तपासून पाहण्याची आणि गरज पडल्यास ते बदलून देण्याची पद्धत एका राजाच्या लहरीवर अवलंबून राहिली नाही. ती कारभाराचा भाग झाली. हाच पुळुमावी दूरवरच्या ग्रीक भूगोलकार टॉलेमीलाही ठाऊक होता. बैठण, म्हणजे आपले पैठण, ही त्याची राजधानी असल्याची नोंद टॉलेमीच्या भूगोलात मिळते.

पुढे राज्ये आली आणि गेली. ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नाहीत आणि शतकानुशतके ही अक्षरे लोकांच्या डोळ्यांसमोर असूनही मुकी राहिली. लोकांनी लेण्यांना पांडवांचे नाव देऊन टाकले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा पूर्ण केला. त्यानंतर पंडित भगवानलाल इंद्रजी, डॉ. रा. गो. भांडारकर, सेनार आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांसारख्या विद्वानांच्या परिश्रमांनी या लेखांचा अर्थ आपल्यापर्यंत पोहोचला. अक्षर ओळखणारा माणूस मिळेपर्यंत दगडावरचा न्यायही गप्प राहतो, हा या कथेतला आणखी एक धडा आहे.

उपसंहार

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज शासकीय सेवेत आहेत. कोणी तलाठी आहे, कोणी शिक्षक, कोणी मंत्रालयातील कक्षात बसून मसुदे तयार करतो. वसतिगृहाच्या दिव्याखाली अभ्यास करून त्यांनी ती लेखणी मिळवली आहे. शिवगुप्त, लोटा, तापस आणि सुजीविन ही त्यांच्याच कामाची माणसे होती. त्यांनी केलेल्या नोंदींमुळे राजाचा शब्द राजानंतरही टिकला. आपल्या हातून जाणाऱ्या प्रत्येक कागदाच्या शेवटी कोणाचे तरी शेत आहे, कोणाची तरी शिष्यवृत्ती आहे, कोणाचे तरी घर आहे, हे त्यांनी विसरू नये.

पालकांना आणि समाजबांधवांना आमची एवढीच विनंती की, मुलांना घेऊन एकदा त्रिरश्मी लेण्यांना अवश्य जावे. नाशिक शहरापासून ती सुमारे आठ किलोमीटरवर आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापाशी उभे राहून मुलांना त्या ओळी दाखवाव्यात आणि सांगावे की, तीन समुद्रांपर्यंत कीर्ती गेलेल्या राजाने येथे एका न पिकलेल्या शेताची दखल घेतली होती. गौतमीपुत्राचे साम्राज्य आता नकाशावर नाही. त्याच्या घोड्यांनी प्यायलेले पाणी केव्हाच समुद्रात मिसळले. भिक्षूंना १०० निवर्तने खरोखर मिळावीत म्हणून त्याने आणि त्याच्या मातेने दिलेली आज्ञा मात्र अजून वाचता येते.